उभी गाडी, चालू विमा

परवा औरंगपुऱ्यात भाजीमंडईजवळ एक जुना मित्र भेटला. नोकरी पुण्यात, गाडी मात्र इथेच, घरासमोरच्या गल्लीत कव्हर घालून. विमा? "चालवतच नाही यार, तर भरायचा कशाला?"

बॉस, इथेच गोची आहे. सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा कायद्याने हवाच. आणि गल्ली सार्वजनिकच असते, आपण ती कितीही आपली समजत असलो तरी! पण उभ्या गाडीचा कसला आलाय ‘वापर’? १९८७ साली सातारा जिल्ह्यात हायवेवर पेट्रोलचा टँकर उलटला. काही तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसं गेली. तेव्हा टँकर कुठे चालत होता, असा बचाव झाला. १९९१मध्ये सुप्रीम कोर्टाने तो साफ फेटाळला. वाहन उभं असलं, तरी तो वापरच.

पकडलं गेलात तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. कुणाला इजा झाली, तर भरपाई स्वतःच्या खिशातून.

टॅक्सचं तेवढं टेन्शन नाही. आपल्याकडे खासगी कारचा कर नोंदणीवेळीच एकरकमी जातो. १५ वर्षांनी नोंदणी रिन्यू करताना पर्यावरण कर, बस्स.

मित्राला मात्र वेगळाच झटका बसला. पाच वर्षं क्लेम नाही, म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही, तर तो शून्य. मोजले, तर ८१ झालेले! आता आधी गाडीची तपासणी. मेथीची जुडी माझ्या हातात कोंबून तो पळाला, कव्हर काढायला.