आयटीआयची दोन वर्षे

शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीत एक रकाना असतो: शाळा संपल्यावर, पण विद्यापीठाबाहेर, मुलाच्या वाट्याला सरासरी किती वर्षांचे शिक्षण येईल? आपली बहुतेक आयटीआय दहावीनंतरच सुरू होते, त्यामुळे ती या रकान्यात नीट बसत नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मात्र तिची किंमत कळते. बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेला विमानदुरुस्ती तळ इथे २०१५ पासून चालू आहे. जवळच फाल्कन विमानांचे भाग तयार होतात. फाल्कन बनवणाऱ्या दासो कंपनीच्या सहकार्याने नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये विमानाच्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव इथल्या जमिनी या प्रकल्पात गेल्या. जमिनी गेलेल्या त्या घरांतली किती मुले-मुली या वर्गांत शिकली, तो आकडा सरकारने दरवर्षी जाहीर करावा.