विसरभोळा सर्व्हर
वडगाव निंबाळकरच्या घरी बसून वेब प्रोग्रॅमिंग शिकताना मी सगळ्यात जास्त अडलो तो लॉगिनपाशी. पान बदललं की माझाच प्रोग्रॅम मला ओळखेना! दोन रात्री कोड उसवला. मधे वीज गेली, तर थोडा दोष तिच्यावरही ढकलला. मग कळलं, ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीचा स्वभावच विसरभोळा, प्रत्येक विनंती त्याला नवखी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुलीने त्यावर कुकी काढली. आमच्या ऊसवाल्यांना हे समजवावं लागत नाही. सोमेश्वर साखर कारखान्याच्या काट्यावर आधी भरल्या गाडीचं वजन, नंतर रिकामीचं. मधल्या वेळात गाडी कुणाची हे काटा नव्हे, पावती सांगते. कुकी म्हणजे तीच पावती. फक्त ती ब्राउझर सांभाळतो आणि दर खेपेला न विचारता पुढे करतो.