'डाएट' या एका शब्दाबद्दल

मा. अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली



मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं वजन कमी करायला येतात आणि त्यातही बायका जास्त. हे पत्र लिहितेय ते शीतपेयाच्या बाटलीवरच्या एका शब्दासाठी: 'डाएट'.

या शब्दावरून अमेरिकेत खटले झाले. तिथल्या एका अपील न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात निकाल दिला की, शीतपेयावरचा 'डाएट' हा शब्द नेहमीच्या पेयाशी तुलना सांगतो, वजन उतरेल असं वचन देत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या देशात ते ठीक असेल. आमच्याकडे तसं नाही. 'ती डाएटवर आहे', 'सोमवारपासून डाएट सुरू' असं आम्ही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एकच, वजन कमी करायचा आहार. दुकानात डाएट चिवडा मागणाऱ्या बाईला तो चिवडा कशाच्या तुलनेत डाएट आहे असा प्रश्न पडत नाही. बारीक व्हायचं असेल तर हा खायचा, एवढं तिला कळतं. मराठी माणूस बाटलीवरचा 'डाएट' नेमका असाच वाचतो.

गेल्या हिवाळ्यात एका पतसंस्थेत काम करणाऱ्या ताई आल्या होत्या. त्यांची हरकत नाही म्हणूनच इथे लिहिते. म्हणाल्या, "मॅडम, साखर मी पूर्ण बंद केलीय. चहा बिनसाखरेचा. गोड शिवतसुद्धा नाही. कोल्ड्रिंक घेतलंच तर डाएट." घेतलंच तर म्हणजे किती, हे विचारल्यावर कळलं, रोज दोन बाटल्या. एक दुपारी डब्यानंतर, एक संध्याकाळी घरी. नऊ महिने हा क्रम पाळला होता आणि वजन ८१ वरून ८३ किलोवर गेलं होतं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. एवढं मन मारूनही काटा खाली येत नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पर्समध्ये अर्धी बाटली होती. ती मी टेबलावर ठेवायला सांगितली. पुढच्या बाजूचं नाव हातभर अंतरावरून वाचता येत होतं. मागची बारीक अक्षरं मात्र चष्मा काढून, बाटली डोळ्यांजवळ धरून वाचावी लागली. ताईंचं शिक्षण मराठी माध्यमातलं. एकेक इंग्रजी शब्द जुळवत त्या वाचत गेल्या आणि 'नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन' या ओळीवर थांबल्या. "म्हणजे लहान मुलांना द्यायचं नाही? अहो, शेवटचे दोन घोट रोज माझा धाकटा पितो. साखर नाही म्हणून मीच देते."

ही ओळ छापायला लावणारा नियम तुमचाच आहे आणि तो चांगला नियम आहे. कोणतं स्वीटनर वापरलं ते सांगा, मुलांसाठी शिफारस नाही असं लिहा, ॲस्पार्टेम हे स्वीटनर असेल तर फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार असलेल्यांसाठी इशारा द्या, असं तो सांगतो. पण लेबलवरचा हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतो. इतर भारतीय भाषा ज्याला वाटेल त्याने जादा छापावी. म्हणून ज्या घरात ही ओळ पोचायला हवी होती तिथे ती नऊ महिन्यांत पोचली नाही.

कॅन्सरची भीती घालायला मी हे पत्र लिहीत नाही. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. ती गाठायला मोठ्या माणसाला दिवसाला नऊ-दहा कॅनच्या वर प्यावे लागतील. माझ्या ताई दोनच बाटल्या पीत होत्या.

माझं म्हणणं वजनापुरतं आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशी स्वीटनर वापरू नयेत. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही आणि ती सशर्त आहे, हेही सांगायला हवं. थोड्या मुदतीच्या प्रयोगांत साखरेच्या जागी स्वीटनर घेणाऱ्यांचं वजन पाऊण किलोच्या आसपास जास्त उतरलेलं दिसतं. वर्षानुवर्षं ज्यांचा माग ठेवला त्यांच्यात तो फायदा दिसत नाही, उलट टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. वजन वाढलेली माणसंच डाएट पेयांकडे वळतात, म्हणून दोष सगळा पेयाचा म्हणता येत नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत ३०३ जणांवर बारा आठवडे झालेल्या प्रयोगात पाणी पिणाऱ्यांपेक्षा डाएट पेय पिणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. त्या प्रयोगाचा खर्च तिथल्या शीतपेय उद्योगाच्या संघटनेने केला होता.

माझा अनुभव असा की, रोज साखरेच्या कोलाच्या दोन बाटल्या पिणाऱ्याला डाएटने फायदा होतो. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. ती टळली तर चांगलंच आहे. अशा माणसाला मी स्वतः सांगते, महिनाभर डाएट घ्या, मग हळूहळू पाण्यावर या. पण जी बाई आधी कोल्ड्रिंक पीतच नव्हती, तिने वजन उतरेल म्हणून डाएट सुरू केलं तर तिची कुठली साखर टळली? या ताईंची गोष्ट तीच होती. मी मागच्या आठवड्याचं सगळं आठवून लिहून आणायला सांगितलं. वहीत रोज संध्याकाळच्या बाटलीसोबत वडापाव होता, कधी दोन. "डाएट घेतलंय म्हणून चालतंय असं वाटायचं," त्या म्हणाल्या. बाटलीतल्या शून्य कॅलरी त्यांनी वडापावच्या खात्यात जमा धरल्या होत्या.

आणि गोडाची सवय जागच्या जागीच राहिली. शेकडो पट गोड द्रव्य जिभेवर रोज येत असेल तर ताजं ताक फिकं लागतं, पेरू नकोसा होतो. हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. समोर बसलेल्या माणसांच्या तोंडून मात्र वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

शाळांसाठी तुम्ही २०२० मध्ये नियम केले. जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत. आता आमच्या भागात टपरीवर बिनसाखरेची कोला दहा रुपयांत मिळते. तिच्यात साखर नाही, मग पन्नास मीटरच्या आत ती चालते का? तुमच्याच लेबलप्रमाणे ती मुलांसाठी नाही. याचं उत्तर मुख्याध्यापकांना लेखी मिळायला हवं.

मेक्सिकोने २०२० पासून पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळ्या चौकटीत, त्यांच्या स्पॅनिशमध्ये, स्वीटनर आहे आणि मुलांसाठी शिफारस नाही असं छापायला लावलं. तुम्ही २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढलात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या इशाऱ्याबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. इशारा साखर, मीठ आणि चरबी यांच्यापुरताच ठेवलात तर डाएट बाटली त्यातून कोरी सुटेल आणि शेजारच्या बाटलीवर काळा शिक्का पाहून लोक हिलाच औषधासारखी उचलतील. म्हणून स्वीटनरचा इशाराही त्याच वेळी पुढे आणा.

त्या ताई आता दुपारी ताक आणि संध्याकाळी माठातलं पाणी पितात. वडापाव आठवड्यातून एकदा. चार महिन्यांत पाच किलो उतरले आहेत. बाटली सोडायला त्यांना माझा सल्ला फारसा लागला नाही. लेबलवरची ती ओळ कळली त्याच दिवशी त्यांनी ती सोडली.

तेव्हा विनंती एवढीच. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डाएट आणि बिनसाखरेच्या बाटलीवर, नावाच्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत, मराठीत छापायला लावा: 'यात कृत्रिम गोडवा आहे. लहान मुलांना देऊ नये.'

आपली,
नाशिकची एक आहारतज्ज्ञ