छाटणी करणाऱ्या हातांची पदविका

कृषी पदवीधराने स्वतःचा व्यवसाय उभारावा, यासाठी २००२ पासून कृषी-चिकित्सालय व कृषी-व्यवसाय केंद्र योजना कार्यरत आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेच्या देखरेखीखाली ४५ दिवसांचे प्रशिक्षण, त्यापुढे बँक कर्ज व त्यावर अनुदान, असा तिचा मार्ग आखलेला आहे. त्याच संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ ही पदविका सुरू केली. पदवीधर आणि दुकानदार यांची अशी सोय झाली. द्राक्षबागेत कात्री चालविणारा मजूर मात्र वीस वर्षांच्या कामानंतरही कागदोपत्री अकुशलच राहतो.

त्याचे काम अकुशल आहे काय? द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीवर सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीत त्या काडीवरील नेमका फलधारक डोळा राखून काप घ्यावा लागतो. काडीची जाडी, परिपक्वता, सबकेनची गाठ, हे सारे पाहून कामगार क्षणार्धात निर्णय घेतो. डोळा चुकला तर त्या काडीवर घड येत नाही. त्यानंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग केले जाते. हे रसायन त्वचेस घातक आहे आणि त्याच्या संपर्कात आल्यावर मद्य घेतल्यास तीव्र त्रास होतो. पेठ, सुरगाण्याकडून निफाड, दिंडोरीस येणाऱ्या किती टोळ्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगितली असेल, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांनी स्वतःस विचारावा.

पूर्वकौशल्य मान्यतेची व्यवस्था आहे, अल्पमुदतीचे वर्गही भरतात. त्यांचा उपयोग नाही असे नव्हे. परंतु एप्रिलमध्ये केलेल्या कामाचा परिणाम ऑक्टोबरनंतर दिसतो. पाच दिवसांच्या वर्गात शिकणाऱ्यास आपल्या कापाचे फळ पाहावयासच मिळत नाही. शिवाय त्या पाच दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच.

येथे ‘देसी’ची रचना मार्गदर्शक ठरावी. विक्रेता दुकान बंद ठेवून शिकू शकत नाही, हे ओळखून तो अभ्यासक्रम आठवड्यातून एक दिवस, साधारणतः बाजाराच्या सुटीच्या दिवशी, वर्षभर चालविला जातो. छाटणी व कलम करणाऱ्यांसाठी असाच, पिकाच्या पूर्ण चक्राबरोबर चालणारा अभ्यासक्रम कृषी विज्ञान केंद्रांनी आखावा. वर्ग बागेतच भरावा, त्या दिवसाची मजुरी मिळावी आणि परीक्षा वेलीवर व्हावी. विरळणी व घड बुडविण्याची कामे बहुतांशी स्त्रिया करतात. छाटणीच्या तुकडीत त्यांच्यासाठी जागा राखीव असाव्यात, कारण टोळीचा मुकादम होण्याची वाट छाटणीतूनच जाते.

“शिकवून तयार केलेला माणूस दुसऱ्या बागेत जाईल,” असा आक्षेप बागायतदार घेतात. तो खराही आहे. म्हणूनच खर्च एकट्या बागायतदारावर न टाकता परिसरातील शेतकरी उत्पादक कंपनीने तो उचलावा. प्रशिक्षित टोळी त्याच गावांत फिरत राहिली तर कंपनीचे काही बिघडत नाही. सभासदांनी पदविकाधारकास एकरी दर किती वाढवून द्यावा, हे मात्र वर्ग सुरू होण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे. तो ठराव झाला, तर पहिली तुकडी येत्या खरड छाटणीस बागेत उभी राहू शकेल.