रेनकोटाचा रंग

मृग लागला की पुण्याच्या बाजारपेठेत रेनकोट टांगले जातात. त्यांत काळे आणि गडद निळेच अधिक खपतात. त्यांवर चिखल दिसत नाही, हे त्याचे समर्थन! परंतु मळभात, ओल्या डांबरावर, चिखलाबरोबर मोटारसायकलस्वारही दिसेनासा होतो, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. मागून येणाऱ्या एस.टी.च्या चालकास पाणी निथळणाऱ्या काचेतून पिवळा वा नारिंगी रंग दुरून कळतो; प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असल्यास रात्रीही. पायघोळ घोंगता पादचाऱ्यास ठीक. वाहनावर तो वाऱ्याने फुगतो आणि त्याचे टोक चाकात वा साखळीत गुंतू शकते. मागे बसून छत्री उघडणाऱ्यांविषयी तर बोलावयासच नको. जाकीट आणि विजार असा दुहेरी पोशाखच त्यातल्या त्यात सुरक्षित. कापड कितीही जलरोधक असले तरी पाणी शिवणीच्या छिद्रांतून शिरते. तेव्हा शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली आहे की नाही, हे दुकानातच उलटून पाहावे. असा पोशाख महाग पडतो, हे खरे. म्हणूनच आडोशाला थांबण्याची सवड ज्यांस नाही, त्या घरपोच खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या तरुणांना तो कंपन्यांनी स्वखर्चाने द्यावयास हवा.