निधी ‘वळवण्यात’ आला

स्टेडियमवरील सरकारी खर्चाविषयी बोलू लागले की आपल्याकडे चर्चा दोनच वाटांनी जाते. एक भ्रष्टाचाराची, दुसरी राष्ट्रप्रतिष्ठेची. पहिल्या वाटेच्या प्रवाशांना चोर सापडला की समाधान वाटते. दुसरीच्या प्रवाशांना पदक मिळाले की. दोन्ही वाटा मूळ प्रश्नाला वळसा घालून जातात, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते मांडण्यासाठी दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

त्या स्पर्धा आज आठवतात त्या घोटाळ्याच्या नावाने. संयोजन समितीचे अध्यक्ष आणि तेव्हाचे पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी यांना एप्रिल 2011 मध्ये अटक झाली, ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला, आणि एप्रिल 2025 मध्ये सक्तवसुली संचालनालयाचा प्रकरण बंद करण्याविषयीचा अहवाल दिल्लीतील न्यायालयाने स्वीकारला. मधल्या 14 वर्षांत कोणी खाल्ले, किती खाल्ले, यावर जेवढी शाई सांडली तिच्या शतांशही ‘जे न खाता खर्च झाले ते कोणाचे होते’ यावर सांडली नाही. आम्ही घटकाभर असे धरून चालतो की एका रुपयाचाही अपहार झाला नाही. प्रश्न मिटतो का? आमच्या मते तिथेच तो सुरू होतो.

अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेतील 700 कोटी रुपयांच्या आसपासची रक्कम दिल्ली सरकारने स्पर्धांशी संबंधित कामांकडे वळवल्याचे 2010 मध्ये माहितीच्या अधिकारातून उघड झाले. तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना राज्यसभेत ते मान्य करावे लागले. विशेष घटक योजना ही काही दानपेटी नव्हे. लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजनातला वाटा राखून ठेवण्याची ती रीत; तीतला पैसा अन्यत्र नेता येत नाही, हाच तिचा प्राण.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी इथल्या क्रियापदापाशी क्षणभर थांबावे. ‘निधी वळवण्यात आला.’ कर्ता कुठे आहे? शासकीय मराठीने ‘करण्यात आले’, ‘देण्यात येत आहे’ ही जी रचना इतक्या निगुतीने जोपासली, तिची खुबीच ही की काम होते आणि करणारा दिसत नाही. शिवाय ‘वळवणे’ हा शब्द मुळात गुरांचा, पाटाच्या पाण्याचा. पाणी एका वाफ्याकडे वळवले की दुसऱ्याचे तुटते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अंदाजपत्रकात मात्र कोरड्या पडलेल्या वाफ्यासाठी रकाना नसतो.

एक वाफा आम्हाला दाखवता येतो. डिसेंबर 2009 मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडवरचा बेघरांचा तात्पुरता रात्रनिवारा दिल्ली महापालिकेने पाडला. स्पर्धांच्या तोंडावर चाललेल्या सुशोभीकरणाचे ते दिवस. पुढे उच्च न्यायालयाला, आणि जानेवारी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, निवाऱ्यांसाठी आदेश द्यावे लागले. स्टेडियमे केंद्राच्या पैशातून झाली, पालिकेचा त्याच्याशी काय संबंध, असा एक बचाव असतो. पण रस्ते, पदपथ, दिवे यांचे काम स्थानिक यंत्रणांकडेच होते. आणि माणसे तीच, तास तेवढेच. पदपथाच्या फरशा उखडून नव्या बसवणारा अभियंता त्याच दिवशी वस्तीतली तुंबलेली गटारे पाहू शकत नाही.

कायदा याबाबतीत आपल्या राज्यकर्त्यांहून शहाणा आहे. दिल्ली महापालिकेच्या 1957 च्या कायद्यात बंधनकारक कर्तव्ये एका कलमात येतात आणि ऐच्छिक दुसऱ्या. पाणी, गटारे, कचरा, स्मशाने, प्राथमिक शाळा पहिल्या यादीत. स्टेडियम, व्यायामशाळा, आखाडे दुसऱ्या. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या 1949 च्या कायद्यातही कलम 63 आणि 66 अशी हीच विभागणी आहे. आखाड्याला कायद्याचा विरोध नाही, आमचाही नाही. क्रम तेवढा उलटू नये.

क्रम उलटला की काय होते याचा इतिहास एकाच वास्तूत वाचता येतो. जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभे राहिले 1982 च्या आशियाई स्पर्धांसाठी. त्या स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाखाली काम करून घेणे ही वेठबिगारीच ठरवली. 2010 मध्ये त्याच स्टेडियमच्या नूतनीकरणावर सुमारे 960 कोटी रुपये खर्च झाले, आणि तीच संघटना मजुरांच्या तशाच तक्रारी घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात उभी होती. नोव्हेंबर 2025 मध्ये ते स्टेडियम पाडून तिथे क्रीडानगरी उभारण्याचा क्रीडा मंत्रालयाचा प्रस्ताव बातम्यांत आला. 960 कोटींचे आयुष्य 15 वर्षे!

आणि पदके? 2010 मध्ये भारताला 101 पदके मिळाली, त्यांचा आनंद आम्हालाही झाला. पण त्यांतले 10,000 मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. तिचे पाय ज्या डोंगरवाटांवर घडले, त्यांना 960 कोटींतला छदामही लागला नव्हता. स्टेडियमवर शर्यत संपते. धावपटू घडतो तो शाळेच्या मैदानावर, पोटभर जेवणावर आणि चालू असलेल्या आरोग्यकेंद्रावर.

मराठीला 1982 च्या स्पर्धांनी एक शब्द दिला: ‘एशियाड’. खेळाडूंची ने-आण करायला दिल्लीला गेलेल्या एसटीच्या निमआराम गाड्या परत आल्या आणि दादर–पुणे मार्गावर धावू लागल्या. पुढे त्या प्रकारच्या प्रत्येक गाडीला लोक एशियाडच म्हणू लागले. ज्यांना त्या स्पर्धांतला एकही विजेता आठवत नाही, तेही ‘एशियाडने आलो’ असे म्हणत आले. कोट्यवधींच्या त्या सोहळ्यातून सामान्य माणसाच्या पदरात पडले ते सार्वजनिक सेवेचे वाहन, आणि तेही उरलेसुरले म्हणून! आम्हाला यात विनोद दिसतो, पण तो फार हसवणारा नाही.

26 नोव्हेंबर 2025 रोजी ग्लासगो येथे 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ‘देण्यात आल्या’. 2036 च्या ऑलिंपिकचे डोहाळे लागलेलेच आहेत. या वेळी आमची मागणी अगदी कारकुनी आहे. स्पर्धांच्या नावावर पडणाऱ्या प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या शीर्षातून काढली, त्या शीर्षाखालचे कोणत्या वॉर्डातले कोणते काम थांबले, आणि निर्णयाखाली सही कोणाची, हे तीन रकाने अंदाजपत्रकात छापावेत. वाक्य कर्तरी प्रयोगात लिहावे.