कापड विणणाऱ्यांचा पोशाख

भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रंदिवस कापड विणले जाते. परंतु शहराभोवतालच्या एखाद्या गोदामाच्या कचेरीत मुलाखतीस जाताना माग-कामगाराच्या मुलावर इस्त्रीचा सदरा शेजाऱ्याकडून मागून आणण्याची वेळ यावी, हा आपल्या अर्थव्यवस्थेवरील बोलका अभिप्राय आहे.

नीटनेटक्या पोशाखाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला स्त्रियांना जातीची खूण पटवणारी वेशभूषा टाकून देण्यास सांगितले, ते स्वाभिमानासाठीच. प्रश्न आहे तो खर्चाचा. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाच्या हिशेबात चौघांच्या कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड धरले. त्यात मुलाखतीचे बूट आणि 'फॉर्मल' पँट कोठून असणार? मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या घरात हा खर्च अन्नातूनच निघतो.

म्हणून ज्या मालकाला विशिष्ट पोशाख हवा असेल, त्याने तो स्वतः पुरवावा आणि मुलाखतीत उमेदवाराचे कसब तपासावे. कामगार संघटनांनीही ही मागणी वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली पाहिजे. पहिला पगार हाती येण्यापूर्वीच जिची किंमत मोजावी लागते, त्या नोकरीचे दार सर्वांना खुले आहे, असे म्हणता येणार नाही.